सॉफ्टवेअर परीक्षक प्रमाणन

संगणकाच्या आज्ञावल्या अपेक्षेप्रमाणे काम करतात की नाही, हे पडताळून पाहणाऱ्या व्यक्तींची व्यावसायिक पात्रता ठराविक अभ्यासक्रम व परीक्षा यांच्या आधारे ठरवून तिचा दाखला देण्याची पद्धत. या कामास व्यवहारात ‘टेस्टिंग’ व ते करणाऱ्यास ‘टेस्टर’ म्हणतात. वैद्यक, वकिली यांसारख्या व्यवसायांत परवान्याशिवाय काम करता येत नाही. सॉफ्टवेअर परीक्षकाचे प्रमाणपत्र मात्र ऐच्छिक असून ते नसलेल्या व्यक्तीस हे काम करण्यास कोणतीही कायदेशीर आडकाठी नाही. असे असूनही विसाव्या शतकाच्या अखेरीपासून कंपन्यांनी आपल्या परीक्षक-गटांना ही प्रमाणपत्रे मिळवून देण्यावर मोठा वेळ व पैसा खर्च केला आहे. ही पद्धत निघाली ती परीक्षकांना समान परिभाषा मिळावी या गरजेतून. पुढे कंपन्या व ग्राहक तिच्याकडे कौशल्याचे माप म्हणून पाहू लागले. या दोहोंत जे अंतर राहिले, त्यातूनच या विषयासंबंधीचे बहुतेक वाद उद्‌भवले आहेत.

पूर्वेतिहास : प्रारंभीच्या काळात आज्ञावली लिहिणारा व तपासणारा एकच असे. ब्रिटिश गणितज्ञ ॲलन ट्युरिंग यांनी केंब्रिज येथील परिषदेत १९४९ मध्ये वाचलेल्या एका लहानशा निबंधात मोठी आज्ञावली बरोबर आहे हे दुसऱ्या व्यक्तीला कसे तपासता येईल, या प्रश्नाची चर्चा केली होती. चुका शोधून दुरुस्त करणे व आज्ञावली आपले काम करते की नाही याची परीक्षा घेणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत, हा भेद चार्ल्स बेकर यांनी १९५७ मध्ये स्पष्ट केला. तथापि परीक्षण हा स्वतंत्र व्यवसाय होऊ शकेल, असे तेव्हा कोणास वाटत नव्हते.

संगणक-व्यवसायातील प्रमाणपत्रांचा इतिहास याहून थोडा वेगळ्या वाटेने सुरू होतो. अमेरिकेतील ‘डेटा प्रोसेसिंग मॅनेजमेंट असोसिएशन’ या संघटनेने १९६२ मध्ये आधारसामग्री-संस्करणाचे प्रमाणपत्र देणारी परीक्षा सुरू केली. संगणकावर काम करणाऱ्यांची संख्या झपाट्याने वाढत होती आणि त्यांतील जाणकार कोण, हे नोकरी देणाऱ्यांना कळत नव्हते. पुढे ही परीक्षा अनेक संघटनांनी मिळून १९७३ मध्ये स्थापिलेल्या एका संस्थेकडे सोपविण्यात आली. पुढील सर्व संगणकीय प्रमाणपत्रांपुढे जो प्रश्न उभा राहिला, तो या पहिल्या परीक्षेपुढेही होताच : उत्तीर्ण होणारा काम चांगले करील, याची खात्री परीक्षा देते काय?

नाटो संघटनेच्या विज्ञान-समितीने पश्चिम जर्मनीतील गार्मिश येथे १९६८ मध्ये भरविलेल्या परिषदेत सॉफ्टवेअरच्या वाढत्या गुंतागुंतीची व तीमुळे ओढवलेल्या संकटाची उघड चर्चा झाली. पुढील वर्षी रोम येथील परिषदेत डच शास्त्रज्ञ एड्सखर डाइक्स्ट्रा यांनी परीक्षणाची मर्यादा नेमकी सांगितली. परीक्षणाने दोष असल्याचे दाखविता येते, दोष नसल्याचे दाखविता येत नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. केवळ परीक्षण याच विषयाला वाहिलेली पहिली परिषद अमेरिकेत चॅपेल हिल येथील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात जून १९७२ मध्ये भरली व तीतील निबंधांचा विल्यम हेट्झेल यांनी संपादिलेला ग्रंथ १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला.

ग्लेनफर्ड मायर्स यांच्या सॉफ्टवेअर परीक्षणाची कला या विषयावरील १९७९ सालच्या पुस्तकाने परीक्षणाच्या हेतूची व्याख्याच बदलली. आज्ञावली चालते हे सिद्ध करणे हा परीक्षणाचा हेतू नसून तीतील दोष शोधणे हा आहे, असे त्यांनी प्रतिपादिले. पुस्तकाच्या आरंभीच त्यांनी वाचकांची एक परीक्षा घेतली आहे. तीन पूर्णांक वाचून ते विषमभुज, समद्विभुज की समभुज त्रिकोणाच्या बाजू दर्शवितात हे सांगणारी एक छोटी आज्ञावली आहे. ती तपासण्यासाठी कोणकोणते आकडे देऊन पाहाल, एवढाच प्रश्न. एखादी बाजू शून्य असल्यास काय, दोन बाजूंची बेरीज तिसरीइतकीच भरल्यास काय, तीनऐवजी दोनच आकडे दिल्यास काय, अशा १४ मुद्द्यांवर त्यांनी गुण ठेवले होते. अनुभवी व्यावसायिक कार्यक्रमलेखकांनाही त्यांत सरासरी ७·८ गुणच मिळतात, अशी नोंद मायर्स यांनी केली आहे. ही परीक्षा कोणत्याही मंडळाची नव्हती व तिला प्रमाणपत्रही नव्हते. पण परीक्षकाच्या अंगी जी संशयी कल्पकता लागते ती तीत थेट मोजली जाई. पुढे आलेल्या बहुपर्यायी प्रश्नपत्रिकांना हे फारसे साधले नाही.

परिभाषेची गरज : १९८०–९० या दशकात परीक्षण हे वेगळ्या गटाचे काम बनू लागले. अमेरिकेतील ‘इन्स्टिट्यूट ऑफ इलेक्ट्रिकल अँड इलेक्ट्रॉनिक्स एंजिनिअर्स’ या संस्थेने १९८३ मध्ये परीक्षणाच्या कागदपत्रांविषयीचे ८२९ क्रमांकाचे मानक प्रसिद्ध केले व परीक्षण-योजना, दोष-वृत्त, परीक्षण-सारांश इ. आठ प्रकारच्या दस्तऐवजांचे स्वरूप ठरवून दिले. फ्लॉरिडा राज्यातील ऑर्लँडो येथे विल्यम पेरी यांनी १९८० मध्ये स्थापिलेल्या ‘क्वालिटी ॲश्युरन्स इन्स्टिट्यूट’ या संस्थेने गुणवत्ता-विश्लेषकांसाठी व नंतर परीक्षकांसाठी प्रमाणपत्रे सुरू केली.

सॉफ्टवेअरमधील दोष किती महाग पडू शकतात, हे याच काळात लोकांच्या प्रत्ययास आले. ‘थेरॅक–२५’ या कर्करोगावरील प्रारण-उपचार यंत्राने १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका व कॅनडा येथील सहा रुग्णांना मात्रेहून कितीतरी अधिक प्रारण दिले व त्यांतील काही दगावले. या यंत्रात पूर्वीच्या प्रतिरूपांतील यांत्रिक संरक्षक कड्या काढून टाकून सुरक्षिततेची भिस्त आज्ञावलीवर ठेवली होती. युरोपचा ‘आरिआन–५’ हा अग्निबाण ४ जून १९९६ रोजी पहिल्याच उड्डाणात सु. ४० सेकंदांत नष्ट झाला. त्याच्या मार्गदर्शक यंत्रणेतील आज्ञावली ‘आरिआन–४’ वरून जशीच्या तशी घेतलेली होती. ६४ अंकस्थानांची एक राशी १६ अंकस्थानांत बसविताना ती ओसंडली. नव्या अग्निबाणाच्या प्रत्यक्ष मार्गाचे आकडे देऊन ही यंत्रणा तपासलीच गेली नव्हती. या अपघातामागे कोणा परीक्षकाचे अज्ञान नव्हते. काय तपासावे व काय तपासू नये याविषयीचा निर्णय चुकला होता. प्रमाणपत्रांचे मूल्य ठरविताना हा फरक ध्यानात ठेवावा लागतो.

ग्रेट ब्रिटनमध्ये परीक्षकांची मुख्य अडचण भाषेची होती. ‘घटक-परीक्षण’, ‘एकात्मता-परीक्षण’, ‘स्वीकृती-परीक्षण’ हे शब्द प्रत्येक कंपनी निराळ्या अर्थाने वापरी. चूक, दोष व बिघाड यांतही गल्लत होई. माणसाकडून चूक घडते, तिच्यामुळे आज्ञावलीत दोष राहतो आणि तो दोष असलेला भाग चालविला गेला म्हणजे बिघाड दिसून येतो, अशी ही साखळी आहे. हा भेद वरवर क्षुल्लक वाटतो; पण करारात ‘दोषरहित’ असा शब्द आला म्हणजे त्याची किंमत कळते. ब्रिटिश संगणक संस्थेच्या परीक्षणविषयक गटातील मंडळींनी १९८९ पासून मानकाचे काम हाती घेतले व १९९८ मध्ये ‘बी. एस. ७९२५’ हे मानक दोन भागांत प्रसिद्ध झाले. पहिला भाग परिभाषेचा, दुसरा घटक-परीक्षणाचा. त्याच वर्षी या संस्थेच्या परीक्षा-मंडळाने परीक्षणाचे प्राथमिक प्रमाणपत्र सुरू केले. डॉरोथी ग्रॅहॅम व इतर अनुभवी परीक्षकांचा त्याच्या अभ्यासक्रमात वाटा होता. नवशिक्याला दोन-तीन दिवसांत विषयाची रूपरेषा व शब्दसंग्रह द्यावा, हा माफक उद्देश त्यामागे होता. इसवी सन २००० च्या तारखांचा प्रश्न तेव्हा तोंडावर आला होता आणि इतर कामांवरील माणसे परीक्षणासाठी मोठ्या संख्येने घेतली जात होती. अशा वेळी ही परीक्षा लोकप्रिय झाली, यात नवल नाही.

आंतरराष्ट्रीय मंडळ : ब्रिटिश अभ्यासक्रम व जर्मनीतील त्याला समांतर असलेला अभ्यासक्रम यांची सांगड घालून नोव्हेंबर २००२ मध्ये एडिंबरो येथे ‘इंटरनॅशनल सॉफ्टवेअर टेस्टिंग क्वालिफिकेशन्स बोर्ड’ ही संस्था स्थापन झाली. ती कायद्याने बेल्जियममध्ये नोंदलेली आहे. अभ्यासक्रम व परिभाषाकोश तयार करणे हे मध्यवर्ती संस्थेचे काम. निरनिराळ्या देशांतील सभासद-मंडळे शिकविणाऱ्या संस्थांना अधिस्वीकृती देतात. शिकविणारा व परीक्षा घेणारा वेगळा ठेवण्याकडे या रचनेचा कल आहे. प्राथमिक, प्रगत व तज्ञ अशा पातळ्या असून प्रगत पातळीत परीक्षण-व्यवस्थापक, परीक्षण-विश्लेषक व तांत्रिक परीक्षण-विश्लेषक असे विभाग करण्यात आले. मंडळाने दिलेल्या प्रमाणपत्रांची संख्या दहा लाखांवर गेली आहे. प्राथमिक प्रमाणपत्राला मुदत नसते; एकदा मिळाले की ते कायमचे.

प्राथमिक परीक्षेत ४० बहुपर्यायी प्रश्न असून त्यांसाठी ६० मिनिटे मिळतात. उत्तीर्ण होण्यास ६५ टक्के, म्हणजे २६ गुण लागतात. परीक्षेची भाषा परीक्षार्थीची मातृभाषा नसेल, तर चौथा हिस्सा वेळ वाढवून मिळतो. त्यामुळे इंग्रजीतून परीक्षा देणाऱ्या मराठी भाषकास ७५ मिनिटे मिळू शकतात. प्रश्न स्मरण, आकलन व उपयोजन अशा तीन पायऱ्यांचे असतात.

उपयोजनाच्या प्रश्नाचे स्वरूप एका उदाहरणाने स्पष्ट होईल. रेल्वे आरक्षणाच्या एका अर्जावर १ ते ६ प्रवाशांची नावे देता येत असतील, तर सीमामूल्यांच्या पद्धतीने कोणत्या संख्या तपासाव्यात? उत्तर ०, १, ६ व ७ असे आहे, कारण दोष बहुधा मर्यादेच्या कडेला दडलेले असतात. हे तंत्र खरोखर उपयुक्त आहे व ते न शिकलेला परीक्षक ३ व ४ हे आकडे घालून समाधान मानतो. परंतु शेवटच्या एका जागेसाठी दोन स्थानकांवरून एकाच क्षणी मागणी आली, किंवा पैसे कापले गेल्यावर तिकीट निघण्यापूर्वी दूरसंचार-मार्ग तुटला, तर काय होईल, हे विचारण्याची बुद्धी चार पर्यायांतून एक निवडण्याच्या परीक्षेत आजमावता येत नाही.

कंपनीतील गटांसाठी नियोजन : व्यक्तीने स्वतःहून परीक्षा देणे व कंपनीने संबंध गटास परीक्षेस बसविणे यांत बराच फरक पडतो. गटाच्या बाबतीत परीक्षा-शुल्कापेक्षा वेळेचा खर्च मोठा ठरतो. प्राथमिक पातळीच्या २०१८ च्या अभ्यासक्रमाला किमान १६ तास ४५ मिनिटे अध्यापन अपेक्षित होते. २०२३ च्या चौथ्या आवृत्तीत ते १८ तास ५५ मिनिटे झाले. म्हणजे वर्ग सु. तीन दिवसांचा होतो. बारा जणांच्या गटाचे एवढ्यानेच ३६ मनुष्यदिवस जातात. स्वाध्याय व परीक्षेचा दिवस निराळा. ग्राहकाला आज्ञावली सुपूर्द करण्याच्या आधीचे आठवडे परीक्षकांवर सर्वांत अधिक ताणाचे असल्याने त्या काळात वर्ग ठेवला, तर काम व अभ्यास दोन्ही बिघडतात. म्हणून गट दोन तुकड्यांत विभागून दोन प्रकल्पांमधल्या उसंतीच्या काळात तुकडीवार शिकविणे सोयीचे पडते.

कोणाला कोणती पातळी, हा प्रश्न याहून महत्त्वाचा आहे. प्राथमिक परीक्षेस पूर्वानुभवाची सक्ती नाही. प्रगत पातळीस प्राथमिक प्रमाणपत्राबरोबर प्रत्यक्ष कामाचा अनुभवही लागतो. परिभाषा समान व्हावी हा हेतू असेल, तर प्राथमिक पातळी केवळ परीक्षकांपुरती ठेवून भागत नाही. कार्यक्रमलेखक, गरजांचे विश्लेषण करणारे व ग्राहकाच्या बाजूने स्वीकृती देणारे यांनाही ती द्यावी लागते, अन्यथा नवी भाषा एकाच खोलीत बोलली जाते. दहा वर्षे काम केलेल्या परीक्षकास प्राथमिक वर्गात बसविण्याने फारसे हाती लागत नाही. त्याला थेट परीक्षा देऊ देणे व वाचलेला वेळ प्रगत विभागावर खर्चणे अधिक योग्य. अनुत्तीर्ण झालेल्यांची पुनर्परीक्षा व परीक्षेचा निकाल वेतनवाढीशी जोडायचा की नाही, हे आधीच ठरविले नाही, तर गटात कटुता येते.

व्यवहारात मात्र अनेकदा संख्येलाच महत्त्व येते. निविदांमध्ये प्रमाणपत्रधारक परीक्षकांची मागणी केली जाऊ लागली. आंतरराष्ट्रीय मंडळानेही कंपनीतील प्रमाणपत्रांच्या संख्येनुसार रौप्य, सुवर्ण, प्लॅटिनम अशा श्रेणी देणारी भागीदार-योजना चालविली. त्यामुळे कमी खर्चात जास्तीत जास्त प्राथमिक प्रमाणपत्रे गोळा करण्याकडे कंपन्यांचा कल होणे स्वाभाविक होते. वर्गात शिकलेले एखादे तंत्र गटाने चालू प्रकल्पात लावून पाहिले काय, आणि ग्राहकाच्या हाती गेल्यावर सापडणाऱ्या दोषांत त्यानंतर घट झाली काय, हे पडताळण्याचे काम परीक्षा-मंडळाचे नसून कंपनीचे आहे; तेच बहुधा राहून जाते.

भारतातील स्थिती : मुंबईत १९६८ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस ही संस्था सुरू झाली व पुणे येथे १९८१ मध्ये टाटा संशोधन, विकास व अभिकल्प केंद्र स्थापन झाले. भारतातील व्यवसाय प्रामुख्याने परदेशी ग्राहकांच्या कामावर वाढला. हजारो मैल दूर असलेल्या ग्राहकास विश्वास वाटावा म्हणून भारतीय कंपन्यांनी प्रथम संस्थेच्या प्रमाणनाचा मार्ग धरला. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या सॉफ्टवेअर एंजिनिअरिंग इन्स्टिट्यूटने १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या क्षमता-परिपक्वता प्रतिमानाच्या पाचव्या, म्हणजे सर्वोच्च पातळीस पोहोचलेल्या संस्थांपैकी फार मोठा वाटा २००० च्या सुमारास भारतात होता. इसवी सन २००० च्या तारखांच्या कामामुळे भारतीय कंपन्यांचा पाश्चात्त्य ग्राहकांशी संबंध दृढ झाला आणि परीक्षण ही स्वतंत्रपणे विकता येणारी सेवा बनली. तीबरोबर व्यक्तींच्या प्रमाणपत्रांचीही मागणी वाढली. पुणे, मुंबई, बंगलोर, हैदराबाद येथील नवपदवीधरांना परीक्षणाची नोकरी मिळविताना या प्रमाणपत्राचा उपयोग होऊ लागला. महाविद्यालयीन अभ्यासक्रमांत परीक्षणाला दीर्घकाळ दुय्यम स्थान असल्याने तीन दिवसांचा हा वर्ग अनेकांच्या बाबतीत विषयाचे पहिलेच पद्धतशीर शिक्षण ठरला, ही त्याची जमेची बाजू टीकाकार सहसा लक्षात घेत नाहीत.

वाद : प्रमाणनास सर्वांत कडवा विरोध परीक्षकांतूनच झाला. केम केनर, जेम्स बाख व ब्रेट पेटिकोर्ड यांनी २००१ च्या अखेरीस प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात परीक्षणाविषयीचे २९३ धडे मांडले असून परिस्थितीनिरपेक्ष अशी ‘उत्तम पद्धत’ नसते, ही त्यामागील भूमिका आहे. या विचाराच्या लोकांच्या मते बहुपर्यायी परीक्षा परिभाषेचे पाठांतर तपासते, एकाच पंथाची परिभाषा सर्वांवर लादते आणि ज्यांना परीक्षण कळत नाही अशा भरती-अधिकाऱ्यांच्या हाती चाळणी देते. ‘आय. एस. ओ. २९११९’ या परीक्षणविषयक आंतरराष्ट्रीय मानकाचे पहिले तीन भाग २०१३ मध्ये प्रसिद्ध झाल्यावर हा वाद चिघळला. ऑगस्ट २०१४ मध्ये न्यूयॉर्क येथील परिषदेत जेम्स क्रिस्टी यांनी मानके व प्रमाणपत्रे यांतील व्यापारी हितसंबंधांवर टीका केली व त्यानंतर मानक मागे घ्यावे, अशा मागणीचा अर्ज सह्यांसाठी फिरविण्यात आला. मानकाच्या कार्यगटाचे प्रमुख स्ट्यूअर्ट रीड यांनी त्याला उत्तर दिले; मानक मागे घेतले गेले नाही.

दोन्ही बाजूंचे म्हणणे तपासता असे दिसते की, प्राथमिक परीक्षा कौशल्य मोजत नाही हा आक्षेप खरा आहे. पण १९९८ च्या मूळ कर्त्यांनी तसा दावा फारसा केलाही नव्हता. दावा वाढला तो प्रमाणपत्र विकणाऱ्यांच्या व मागणाऱ्यांच्या गरजेतून. उलट, परिस्थितीनुसार पद्धत बदलावी हे विरोधकांचे म्हणणे अनुभवी व्यक्तीस लागू पडते. पन्नास नवशिक्यांचा गट एका महिन्यात उभा करावयाचा असलेल्या व्यवस्थापकास त्यातून फारसा मार्ग मिळत नाही.

प्रमाणपत्राऐवजी परवाना, हा पर्यायही अमेरिकेत अजमावून झाला. टेक्सस राज्याने १९९८ मध्ये सॉफ्टवेअर अभियांत्रिकीस परवानापात्र शाखा म्हणून मान्यता दिली. ‘असोसिएशन फॉर कंप्युटिंग मशिनरी’ या संघटनेने १९९९ मध्ये परवाना-पद्धतीस विरोध दर्शविला. व्यावसायिक सॉफ्टवेअर अभियंत्यांची परवाना-परीक्षा २०१३ मध्ये सुरू झाली, परंतु परीक्षार्थी अत्यल्प असल्याने २०१९ नंतर बंद करण्यात आली.

कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित प्रणालींच्या परीक्षणाचा स्वतंत्र अभ्यासक्रम आंतरराष्ट्रीय मंडळाने २०२१ मध्ये प्रसिद्ध केला. अशा प्रणालींत एखाद्या प्रश्नाचे ‘बरोबर’ उत्तर कोणते, हेच पुष्कळदा आधी सांगता येत नाही. एलेन वाय्‌कर यांनी १९८२ मध्ये ‘परीक्षण न करता येणाऱ्या’ आज्ञावल्यांसंबंधी लिहिलेल्या निबंधात ही अडचण मांडलेली होती. या अभ्यासक्रमास बसण्यासाठीही प्राथमिक प्रमाणपत्र आवश्यक धरले आहे. [⟶ संगणक].